घरटी एक माणूस

घरटी एक माणूस, असा आमच्या सरांचा नियम होता. शेळ्या ज्या रोगानं गाभडतात, म्हणजे दिवस भरण्याआधीच पिल्लू टाकतात, तो माणसांत किती उतरलाय हे शोधायचं होतं. त्यासाठी शेळ्यांचं रक्त घ्यायचं आणि त्या घरातल्या एका माणसाचंही. माणसाला हा रोग झाला की ताप महिनोन्महिने येत-जात राहतो, सांधे धरतात आणि उपचार मात्र टायफॉइडचे चालतात. मी बीडची, बायकांशी बोलायला बरी म्हणून मला या संशोधनात मदतीला घेतलं होतं. खरं तर मी फारसं कुणाशी बोलतच नसे. नळ्यांना चिठ्ठ्या लावायच्या, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि बघत राहायचं.

पाटोद्याच्या पुढच्या एका गावात देवळाच्या ओट्यावर काम चाललं होतं. खाली उन्हात बायका शेळ्या धरून उभ्या होत्या आणि वर सावलीत पुरुष बाह्या सारून बसले होते. घरातला माणूस या म्हटलं की पुरुषच येणार, एवढंही सरांना कळू नये? अडलेल्या शेळीच्या पोटात हात घालून मेलेलं पिल्लू ओढते ती बाई. मागून पडलेली वार गोणपाटात बांधून वडाला टांगायला नेते तीही बाईच. वडाला चीक असतो, तिथं वार टांगली की शेळीला दूध वाढतं म्हणतात. त्या गोणपाटातलं पाणी मनगटावरून तिच्या कोपरापर्यंत ओघळतं. आणि रोग शोधायला आम्ही सुई टोचत होतो तिच्या नवऱ्याला.

शेळी धरून बसलेल्या एका मावशींनी मला हळूच सांगितलं की त्यांना रोज संध्याकाळी ताप भरतो, पहाटे घामानं लुगडं भिजतं, गुडघे उचलत नाहीत. गावच्या डॉक्टरची सलाइन लावून झाली होती. त्यांच्या शेळ्याही लागोपाठ गाभडल्या होत्या. मी सरांना म्हटलं, यांचंही रक्त घेऊया. त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्याचं झालंय, म्हणाले.

नवरा हसला. "तिचं काय घेता म्याडम? काम सांगितलं की ताप येतो तिला."

ओट्यावरचे सगळे हसले. मावशीही हसल्या. त्यांच्या हसण्याचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

तपासणीत त्यांच्या शेळ्यांत रोग निघाला, नवरा साफ निघाला. माणसांत फारसं दिसत नाही, असं सर समाधानानं म्हणाले. त्या रविवारी मी एसटीनं एकटीच त्या गावी गेले आणि मावशींना बीडला दवाखान्यात न्यायचंय म्हणाले. शेळ्या कोण बघणार, असं नवऱ्यानं विचारलं. तुम्ही, मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी शेळ्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी योग्य ती तपासणी लिहून दिली. तोच रोग निघाला. बऱ्याच आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि ताप उतरायला लागला.

हे ऐकून सर खूश झाले. मावशींचा एक नमुना आपल्यालाही आण, रिसर्च पेपरात उठून दिसेल, म्हणाले. तू बाई आहेस, तुला नाही म्हणणार नाहीत.

मी गेले. मावशी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून गोठा लोटत होत्या. हे रक्त संशोधनासाठी हवंय, तुमच्या उपचाराशी त्याचा संबंध नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

"तवा माजं रगत नको व्हतं. आता कावून पायजे?" त्यांनी विचारलं. मग जरा घाबरून, "न्हाई म्हणलं तर गोळ्या बंद करत्याल का गं?"

"नाही मावशी. गोळ्या दवाखान्याच्या आहेत."

"मंग न्हाई. सायबाला म्हणावं, शेळ्या हायत, टोच म्हणावं लई वाटलं तर."

स्टँडवरून मी सरांना फोन केला. तू नीट समजावलं नसशील, ते म्हणाले.

"नीट समजावलं सर, म्हणूनच त्या नाही म्हणाल्या." मी फोन ठेवला नाही. पुढच्या गावात बायकांचं रक्त घेणार असाल तर मी येईन, नाहीतर नळ्यांना चिठ्ठ्या लावायला दुसरं कुणी बघा, असं सांगून टाकलं.

बघू, सर म्हणाले.

त्यांचं बघणं अजून चालू आहे. मी गेलेले नाही.