माजी विद्यार्थिनी

ज्या कॉलेजात मी एक दिवसही शिकले नाही, त्या कॉलेजची मी एकदा माजी विद्यार्थिनी झाले.

अकोल्याच्या त्या कॉलेजात मी सात वर्षं तासिका तत्त्वावर भूगोल शिकवला. म्हणजे तास असतील तोवर नोकरी, उन्हाळ्यात घरी बसा, पावसाळ्यात पुन्हा मुलाखत द्या. राहायला अमरावतीत, रोज बडनेऱ्याहून गाडी धरायची. कायम प्राध्यापकांचं मस्टर प्राचार्यांच्या टेबलावर असायचं, आमचं बाहेर शिपायाच्या स्टुलावर. त्या स्टुलाशी वाकताना मला रोज राग यायचा आणि रोज मी सही करायचे.

आमच्या विभागप्रमुख सरांना माझं गाव मात्र फार आवडायचं. मी शेंदूरजनाघाटची. हिवाळा सरत आला की म्हणायचे, "मृग बहाराची संत्री आणा मॅडम, आंबिया बहाराला ती चव नाही." मी आणायचे, भरलेली थैली गाडीत मांडीवर घेऊन. आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. हाच माणूस वर्गाच्या दाराशी उभा राहून ऐकायचा आणि मग सांगायचा, "जरा शुद्ध बोलत जा. वऱ्हाडी मुलांना घरीच येतं." मी ऐकून घ्यायचे. विभागात एक कायम जागा निघणार होती आणि मुलाखतीला हेच बसणार होते.

मग मूल्यांकनाची समिती यायची ठरली. दोन महिने विभागाच्या सगळ्या फायली मी केल्या, सरांनी वाचायचं भाषणसुद्धा मीच लिहिलं. आदल्या दिवशी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या स्टाफरूममध्ये दिसू नका. कागदावर तुमचे विषय माझ्याकडे आहेत. माजी विद्यार्थी कमी पडताहेत, त्यांच्यात बसा. विचारलंच तर 'कॉलेजनं मला घडवलं' म्हणायचं."

"सर, मी अमरावतीला शिकले."

"कोण बघतंय? जाहिरात येतेच आहे, लक्षात आहे ना?"

घरी आईला सांगितलं. वरूडला संत्र्याच्या पेट्या भरून भरून तिनं मला शिकवलं होतं. ती म्हणाली, "एक दिवस बसली तं काय मरून राह्यली तू? पर्मनंट हो, मंग बोल त्याले काय बोलाचं ते." मला तिचा राग आला, कारण माझ्या मनातही तेच होतं.

चांगली साडी नेसून गेले. एक वकील आणि एक औषधांचा दुकानदार, त्यांच्या मधे बसले. वेळ वाचावा म्हणून समोरच्या खुर्च्यांवर आत्ताचे विद्यार्थीही आणून बसवले होते. इथंच सरांच्या हुशारीची माती झाली. आम्हाला पढवलं होतं, पोरांना पढवायचं राहून गेलं.

समितीतल्या बाईंनी पोरांना विचारलं, "भूगोल कोण शिकवतं तुम्हाला?"

बाळापूरहून येणारी एक पोरगी उठली. वर्गात ती तोंड उघडत नसे. उभी राहा, बोल, चुकलं तर चुकू दे, असं म्हणत मी वर्षभर तिच्या मागे लागले होते. तिनं माझ्याकडे हात केला. "ह्या मॅडम शिकवतात. लय चांगल्या शिकवतात."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही इथं शिकवता?"

सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"नाही," मी म्हणाले. "तिचा काहीतरी गैरसमज झालाय. मी इथली माजी विद्यार्थिनी. या कॉलेजनं मला घडवलं." अगदी शुद्ध बोलले मी. पोरगी खाली बसली.

कॉलेजला चांगला शेरा मिळाला. जागा निघाली, तिथं सरांच्या साडूचा मुलगा लागला. "तुम्ही काय, घरच्याच आहात," असं सर मला म्हणाले. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण त्याला शिव्या घालून माझं भागत नाही.

समिती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे हजेरी घेतली. मी नंबर वाचत होते आणि पोरं म्हणत होती, येस मॅडम, येस मॅडम. तिचा नंबर आला. ती उभी राहिली, सरळ माझ्याकडे पाहिलं.

"येस," म्हणाली आणि खाली बसली.