तानुअक्काची बरणी

तानुअक्का जळकी होती असं मी म्हटलं, तर गल्लीतल्या बायका हसतील. म्हणतील, बघा कोण बोलतंय! बोलू देत. शिंदखेड्याहून लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हापासून तिच्या समोरच्या घरात राहते. बालवाडी चालवते, त्यामुळे गल्लीत मला मास्तरीण म्हणतात. तानुअक्काला मी रोज बघितलंय. काही बायका दुसरीचं चांगलं बघून अंथरूण धरतात, काही देवाला नवस बोलतात. तानुअक्का झाडू उचलायची.

ही दुसरी म्हणजे तिची देराणी, धाकटी जाऊ प्रमिला. तानुअक्काचा नवरा चुडामणभाऊ थोरला, शेती बघायचा. प्रमिलाचा नवरा वना धाकटा, एसटीत ड्रायव्हर. वाटण्या झाल्या आणि घराचे दोन भाग पडले. मधे एकच भिंत, वर एकाला एक लागून दोन मातीची धाबी, सपाट छपरं. दोन धाब्यांच्या मधे गुडघ्याएवढा कठडा. एवढ्याशा अंतरावरून तानुअक्का आयुष्यभर प्रमिलाचा संसार बघत आली.

बघण्यासारखं होतंही. प्रमिला सातवी शिकलेली, रंगाने उजळ, आणि दर महिन्याला नवऱ्याचा पगार घरात. गल्लीत पहिला मिक्सर तिच्याकडे आला. टेबलपंखा आला तोही तिच्याकडेच. तानुअक्काच्या घरी मिक्सर नव्हता, पण तिच्या ओट्यावर सांडलेलं दूध चाटून प्यावं असं गाव म्हणायचं. पहाटे सडा, दिवसातून तीन वेळा झाडू, शनिवारी भिंतींना पोतेरं. तांब्या-पितळेची भांडी अशी घासलेली, की प्रमिलाकडे आलेले पाहुणेसुद्धा जाता जाता तानुअक्काच्या दारात थबकायचे. ते थबकले की तिचा दिवस सोन्याचा. प्रमिला मात्र या बाबतीत ढिली. आठ-आठ दिवस कोपरे तसेच. आणि तिला त्याचं काही वाटतही नसे, याचा तानुअक्काला जास्त राग.

मग म्हसोबाच्या टेकडीवर खडीची मशीन आली. रस्त्याच्या कामाला खडी लागत होती, म्हणून कुणा बाहेरच्या माणसाने टेकडी घेतली. दिवसभर दगड भरडायचे आणि पांढुरका धुरळा गावावर यायचा. धाब्यावर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे-पापड दाताखाली कचकचायला लागले. टेकडीच्या पायथ्याला चुडामणभाऊचं कपाशीचं वावर. पानं अशी दिसायची की कुणी पीठ चाळलंय. बांधावरच्या निंबाला दरवर्षी आग्यामोहोळ बसायचं, ते बसेनासं झालं. वेचणीला बाया यायला नको म्हणायच्या, तर भाऊ स्वतः दिवस-दिवस तिथे राबायचा. त्याला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसाचा, मग शिडी चढला की दम.

तानुअक्का धुळीशी भांडायला उठली. सकाळी झाडलेलं दुपारी पुन्हा पांढरं. ती पुन्हा झाडायची. भाऊ खोकता खोकता म्हणायचा, "तानु, कितलं झाडशी वं? तो डोंगर का झाडाई जाई?"

गावाने अर्ज केले. मशीनवाल्याचं म्हणणं, धूळ माझी नाही, गाड्यांची आहे, तुमच्या चुलींची आहे. तालुक्याचे साहेब म्हणाले, पुरावा आणा. आता धुळीचा पुरावा कसा आणायचा? मुठीत धरून?

त्याच सुमाराला, ९३ सालच्या दिवाळीनंतर, जळगावहून बोरोले मॅडम यायला लागल्या. कॉलेजात शिकवायच्या आणि धुळीने पिकांचं, झाडांचं, माणसांचं काय होतं यावर संशोधन करायच्या. बारीक चणीची बाई, खांद्याला मोठी झोळी, एसटीतून उतरली की थेट वावरात. कपाशीची पानं तोडून पिशवीत भरायची. ब्रशने धुऊन त्या पाण्यातली धूळ वजन करते म्हणे. फुलावर माशा किती बसतात ते बांधावर बसून बघायची. लोक आधी हसले. मग चावडीवर साहेबांनीच सांगितलं, की या बाईंचं मोजमाप आपण पुरावा म्हणून धरू. तेव्हापासून हसणं बंद झालं.

मॅडमनी गावात काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या ठेवल्या. एक शाळेवर, एक देवळावर, आणि एक घरावर. बरणीत थोडं पाणी, शेवाळ धरू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. पाणी निळसर दिसायचं. महिनाभर उघडी ठेवायची. आभाळातून पडेल ती धूळ त्यात साठेल, ती वाळवून तोलायची. कुणी हात लावायचा नाही, एवढीच अट.

घरावरची बरणी कुणाच्या घरावर? प्रमिलाच्या! मॅडम पाणी प्यायला तिच्याकडे टेकल्या होत्या, एवढंच कारण. खरं सांगते, मलाही झोंबलं. मी शिकलेली, मी बालवाडीवाली, आणि माझ्या घराला उतरते पत्रे, म्हणून बरणी घसरेल म्हणे! पण मी गप्प बसले. तानुअक्का गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. प्रमिलाकडे कपबशीतून चहा, पोहे, "मॅडम, अजून घ्या ना" चाललेलं, आणि ही अंगणातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मन्हं धाबं काय पडी गयं का वं?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "उलट बरं झालं, मावशी. शेजारीशेजारी दोन बरण्या ठेवते. दोन्हींत सारखी धूळ आली, म्हणजे माझं मोजमाप बरोबर आहे असं म्हणता येईल."

बरणी मिळाली म्हणून तानुअक्का हरखली. पुढचं काही तिने ऐकलंच नाही. महिनाभर बरणीभोवती कावळा फिरकू दिला नाही.

महिना भरला. मॅडमनी दोन्ही बरण्या कठड्यावर शेजारी ठेवल्या. दोन्हींच्या बुडाला राखाडी चिखल. मॅडम खुश होऊन म्हणाल्या, "बघा, अगदी सारखीच!"

तानुअक्काचा चेहरा मी माझ्या दारातून पाहिला. उभ्या गल्लीसमोर कुणी थोबाडीत मारावी तसा झाला होता. मॅडम गेल्यावर ती माझ्याकडे आली. "सारखीच? तिना घरमा आठ दिनमा एकदाव झाडू फिरस, नि मी दिनभरमा तीनदा झाडस! नि आमनी धूळ सारखीच?"

मी तिला समजावलं, की अक्का, ही धूळ वरून पडते, ती घरातली नव्हे. तिने मान हलवली. पटलं असं मला वाटलं. इतक्या वर्षांत मला तिची मान ओळखता आली नाही.

पुढचे दोन्ही महिने मॅडम यायच्या आदल्या संध्याकाळी ती धाब्यावर चढली. बरणी रिकामी केली, चिंच आणि रांगोळीने घासली. विहिरीचं पाणी फडक्याने गाळून भरलं. पण मोरचुदाचं निळं पाणी कुठून आणायचं? तर धोतर-सदऱ्याला द्यायची नीळ होती घरात. तिचे दोन थेंब टाकले. हे मला पुढे तिनेच सांगितलं, आणि सांगतानाही थोडी मिजास होतीच, की रंग कसा हुबेहूब जमला होता.

मॅडम गोंधळल्या. प्रमिलाच्या बरणीत चिखल, हिच्या बरणीत नितळ पाणी. त्यांनी विचारलं, "मावशी, हात तर नाही ना लावला?" तानुअक्का म्हणाली, "आमनं घर पयलेपासूनच चोख शे." मॅडमनी आकडे जसे होते तसे लिहिले. खोटं लिहिणाऱ्यातली बाई नव्हती ती.

फाल्गुनात चावडीवर चौकशी बसली. साहेब आले, मशीनवाल्याचा वकील आला, सारं गाव जमलं. चुडामणभाऊला वावरातून यायचं होतं, तर अर्ध्या वाटेत बसावं लागलं. वनाने त्याला धरून आणलं. तानुअक्का बायकांच्या पुढच्या रांगेत, पदर नीट, कारण प्रमिलासुद्धा पुढच्याच रांगेत बसली होती.

मॅडमनी सगळं मांडलं. पानावरची धूळ, खुंटलेली बोंडं, देवळावरची बरणी, शाळेवरची बरणी. साहेब ऐकत होते. मग वकील उठला. फार बोलला नाही.

"साहेब, या दोन घरांची भिंत एक आहे. एका घरावर महिन्याला इतकी धूळ आणि दुसऱ्यावर जवळजवळ नाही. आभाळातली धूळ काय घर विचारून पडते? हे मोजमापच चुकीचं आहे. नाहीतर ही धूळ त्या पहिल्या बाईच्या घरातली आहे. ती झाडत नसेल!"

लोक हसले. प्रमिलाचे कान लाल झाले. साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम वहीची पानं मागेपुढे करायला लागल्या. माझी नजर तानुअक्काकडे गेली. खोटं कशाला बोलू, तिच्या तोंडावर त्या घटकेला समाधान होतं. भर चावडीत, साहेबांसमोर ठरलं होतं, की प्रमिला झाडत नाही.

मागे भिंतीला टेकून बसलेला चुडामणभाऊ खोकायला लागला. थांबेचना. वना त्याची पाठ चोळत होता. तानुअक्काने मागे वळून बघितलं आणि तिचं समाधान विझत गेलं. तरी ती उठली नाही.

उठली प्रमिला. पदर सावरून सरळ साहेबांना म्हणाली, "साहेब, आमनी अक्काना घरमा धूळ टिकसच नही. सारा गावले इचारा. मी बी तिले आज तीस वरीस दखी ऱ्हायनी. मन्हा हातनी तशी सफाई व्हस नही. तिनी बरनी बी घासी व्हई. वर नीळ बी दिन्ही व्हई."

मग कुणीतरी फिसकन हसलं.

साहेबांनी विचारलं, "बाई, खरं आहे का हे?"

तीस वर्षं जे ऐकायला तानुअक्का झाडत होती, ते प्रमिलाच्या तोंडून सगळ्या गावाने ऐकलं होतं. आणि तिला मान खाली घालून उभं राहावं लागलं. "हाव साहेब. मीच धुयी."

"मग तुमच्या घरावर धूळ पडते?"

"पडस."

"किती?"

तिने पदर पुन्हा नीट केला. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने प्रमिलाकडे बघितलंही नाही. "तिना घर शे तितलीच."

चौकशी तिथेच थांबली. साहेब म्हणाले, बरण्या पुन्हा ठेवा, नवे आकडे आणा, मग बघू. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, एका उन्हाळ्याचे आकडे पुरणार नाहीत, आणि पावसाळ्यात धूळ बसते, बरण्यांत पावसाचं पाणी भरतं. हिवाळ्याचे महिने पुन्हा धरावे लागतील. म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर.

तेवढे महिने मशीन चालू राहिली. कपाशी लावायची होती, निंदायची होती, वेचायची होती. चुडामणभाऊ वावरात जात राहिला, कारण जायला दुसरं कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर पुन्हा बरण्या आल्या. या वेळी तानुअक्का धाब्यावर चढलीच नाही. प्रमिलाच दोन्हींवर लक्ष ठेवायची. दर महिन्याला मॅडम म्हणायच्या, सारखीच. पुढच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या आसपास हुकूम आला आणि मशीन नाल्यापलीकडच्या माळावर गेली. गावाने पेढे वाटले. बोरोले मॅडमना शाल-नारळ दिलं, आणि ते द्यायला कुणाला पुढे केलं, तर प्रमिलाला. मला परत झोंबलं, आता लपवून काय उपयोग.

तोवर भाऊ खाटेवर आला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, छातीत गेलेली धूळ परत निघत नाही, आता धुळीत पाठवू नका. वावर बटाईने दिलं. खाट ओट्यावर टाकली. तो ओटा आता दुपारीही स्वच्छ राहायचा, पण तानुअक्का झाडू खाटेच्या जवळ नेईनाशी झाली. धूळ उडेल म्हणून ओल्या फडक्याने पुसायची, गुडघ्यावर बसून.

मॅडम शेवटच्या बरण्या न्यायला आल्या, त्या दिवशी मी ओट्यावर भाऊजवळ बसले होते. वना नुकताच ड्यूटीवरून आला होता, खाकी कपड्यांतच. मॅडमनी म्हटलं, जरा बरण्या काढून देता का? त्याने चप्पल काढली आणि शिडीवरून सरसर वर गेला. एक बरणी आणली, परत गेला, दुसरी आणली. मग शिडीपाशी उभ्याउभ्याच प्रमिलाला हाक मारून पाणी मागितलं.

प्रमिलाच्या हातात नवा स्टीलचा जग होता, तिच्या अंगावर नवी साडी होती. तानुअक्काने त्यातलं काही बघितलं नाही. हातातलं ओलं फडकं तसंच धरून ती शिडीकडे बघत होती.

"दखी ऱ्हायनी का, मास्तरीण," ती म्हणाली, "वना कसा भराभर चढी गया."

खाटेवरून चुडामणभाऊही तिकडेच बघत होता.