न धरलेला महिना

अनंतराव परचुरे भूमापन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, आता हा माणूस मोजायचं थांबवेल. कसला थांबतोय. जन्मभर लोकांचे बांध मोजले, मग स्वतःचा मुक्काम मोजायला लागले. मुलीने, स्पृहाने, त्यांना अमेरिकेचं ग्रीन कार्ड काढून दिलं होतं आणि त्यांना आता तिथलं नागरिकत्व हवं होतं. कशासाठी, तर निवांत पुण्यात राहता यावं म्हणून.

"पुण्यात राहायला अमेरिकेची परवानगी लागते हे मला नवीनच," श्यामलाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं, नुसतं कार्ड असलं की तिथे राहावं लागतं, नाहीतर ते जातं. नागरिक झालो की कोण विचारतं? बसा पुण्यात हवं तितकं. मुलीला भेटावंसं वाटलं की जा."

नियम त्यांना पाठ होता. अर्जाआधी पाच वर्षं तिथे राहायचं आणि एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही. राहिलात, तर तिथला मुक्काम मोडला असं सरकार धरतं. नाही मोडला, हे सिद्ध तुम्ही करायचं.

म्हणून दोन हजार तेवीस साली ते गुढीपाडव्याला पुण्यात आले आणि गणपतीचं विसर्जन आटोपून दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, विमानात बसले. चैत्राच्या पाडव्यापासून भाद्रपदातल्या पौर्णिमेपर्यंत साडेपाच महिने. चोख हिशोब. फक्त त्या वर्षी श्रावण दोन आले होते आणि अधिक महिना अनंतरावांनी धरलाच नाही. अधिकात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. मग मुक्काम तरी का धरायचा? उलट त्याच महिन्यात जावई अर्णव न्यू जर्सीहून धोंड्याचं वाण घ्यायला आला आणि तेहतीस अनारसे घेऊन गेला. श्यामलाबाईंनी पीठ मंडईतून विकत आणलं म्हणून अनंतरावांनी दोन दिवस अबोला धरला, एवढंच काय ते गालबोट.

दोन वर्षांनी नागरिकत्वाची मुलाखत झाली. राज्यघटनेवरच्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी धडाधड दिली, एका प्रश्नाचं व्याकरणही सुधारून दिलं. समोरची अधिकारी बाई तरुण आणि सोशिक होती.

"सर, तुम्ही एकशे त्र्याण्णव दिवस देशाबाहेर होता."

"साडेपाच महिने."

"मार्च ते सप्टेंबर. सहा महिन्यांच्या वर जातात."

"त्यात एक अधिक होता."

"अधिक काय?"

"महिना. दर तिसऱ्या वर्षी येतो. तो मोजायचा नसतो."

बाईची बोटं कीबोर्डवर थांबली. "त्या महिन्यात तुम्ही कुठे होता?"

"पुण्यात."

"म्हणजे होतात."

"होतो. पण धरत नाहीत."

बाई पेलाभर पाणी प्यायली आणि तिने सोपा प्रश्न विचारला. "बरं, त्या काळात घरी कधी परतायचं, हे ठरलेलं होतं का?"

"घरी?" अनंतराव म्हणाले. "घरीच तर होतो."

तिने ते शब्दशः लिहून घेतलं. आपण काय बोलून गेलो ते त्यांना लगेच कळलं, पण खोडायला सांगणं कमीपणाचं वाटलं.

महिन्याभराने पत्र आलं. अर्ज नामंजूर. मुक्काम मोडला होता. आता दोन हजार अठ्ठावीसच्या एप्रिलात पुन्हा अर्ज करता येईल.

"बाबा, फेरविचार मागू," स्पृहा म्हणाली. "सांगू, ते चुकून बोललात."

"चुकून कुठे बोललो?"

स्पृहा आईकडे बघायला लागली. श्यामलाबाई पाहुणीच्या व्हिसावर आल्या होत्या, मंगळवारी निघायच्या होत्या आणि सोफ्यावर बॅग भरत होत्या.

"माझ्याकडे काय बघतेस? विचार त्यांनाच. अठ्ठावीसपर्यंत इथे बसणार आहेत का, पुण्यात बसायची सोय करत?"

अनंतरावांनी अर्णवला कार्ड परत करायचा फॉर्म छापायला सांगितला. जेवणाच्या टेबलावर बसून सुवाच्य अक्षरात भरला. यापुढचा पत्ता या रकान्यात इमारत, पेठ, पिनकोड सगळं घातलं आणि थोडी जागा उरली म्हणून इंग्रजीत लिहिलं: तिसरा मजला, लिफ्टच्या भरवशावर येऊ नये.