बाभूळबाईंचं झुडूप

कॉलेजात त्यांना सगळे बाभूळबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. त्यांच्या स्कूटरवर मागे बसायचं म्हणजे वेळेवर पोचण्याची आशा सोडायची. परतवाडा रस्त्यावर काटेरी झुडूप दिसलं की ब्रेक. हेल्मेट माझ्या हातात देऊन त्या बांधावर चढत, काट्यांची जोडी चाचपत, पान चुरगाळून हुंगत. "बाभूळच आहे," म्हणत परत येत, पण चेहरा असा की माहेरचं माणूस भेटलं.

आम्हाला झाडाचं नाव सांगून टाकायची घाई. त्यावर त्या चिडत. "फूल पाह्यलं काय? शेंग पाह्यली काय? मंग नाव काहून ठेवते?" बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी, देवबाभळीची फुगीर, हिवराची चपटी. नुसत्या पानांवरून बोलणाऱ्याचा त्यांना भारी राग.

आमची सहल धारणीला चालली होती तेव्हा एका वळणावर त्यांनी बस थांबवली. झुडपाचे काटे बाभळीचे, पानं हिवरासारखी, साल मात्र दोघांशीही न जुळणारी. फुलं नव्हती. शेंगांवर शेळ्यांनी ताव मारला होता. मातीतल्या तुकड्यांमधून थोड्याशा बिया निघाल्या. मॅडम तिथेच बसून राहिल्या. "हे मले माईत नाही," त्या म्हणाल्या. इतक्या आनंदाने असं म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बियांचं कवच टणक, म्हणून त्यांनी गरम पाण्यात भिजवून लावल्या. बहुतेक कुजल्या, एक रोप जगलं. ते कॉलेजच्या मागच्या कुंपणाशी लावलं. वर्षानुवर्षं ते नुसतं काटे वाढवत बसलं. उन्हाळ्यात मॅडम घरून कॅनने पाणी आणत. नवरा गेला त्या आठवड्यातही आल्या, निवृत्तीनंतरही येत राहिल्या. मी अकोल्याला शिकवायला लागले होते. फोनवर विचारायची, "आलं का फूल?"

"नाही वं."

मग एका हिवाळ्यात त्यांचाच फोन आला. "कळ्या धरल्या, पोरी! गुच्छ गोल आहे का लांब, अजून समजून नाही राहिलं. रविवारी येजो."

रविवारी गेले तर तिथे सपाट माती होती. दुचाक्या ठेवायला जागा हवी म्हणून आदल्या दिवशी जेसीबीने कुंपणाकडचं सगळं साफ केलं होतं. मॅडम ढिगाऱ्यातून फांद्या ओढत होत्या, हात रक्ताळले होते. नवे प्राचार्य धावत आले. माणूस वाईट नव्हता. "सॉरी मॅडम, मला कुणी सांगितलंच नाही. पण ती बाभूळच होती ना?"

"तेच तर पाहून राहिली होती मी," मॅडम म्हणाल्या.

फांद्या त्यांनी घरी नेऊन पाण्यात ठेवल्या. कळ्या उमलल्या नाहीत, गळून पडल्या. भिंगाखाली हिरव्या ठिपक्यांपलीकडे काही दिसेना. मग मी गाडी करून त्यांना धारणीकडे नेलं. रस्ता रुंद करताना ते वळणच खरवडून काढलं होतं. मॅडम खाली उतरल्यासुद्धा नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांचे डोळे मिटलेले होते.

"झोप लागली का, मॅडम?"

"नाही. आता पाहायचंच नाही मले."

आणि खरंच त्यांनी पाहणं सोडलं. मी ओळख पटवायला झाडांचे फोटो पाठवी, उत्तर येत नसे. एकदा घरी जाऊन फांदीच समोर धरली. त्यांनी ती हातातही घेतली नाही. "लिही कोणतंही नाव. काय फरक पडते?" ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला रडू आवरेना. गेल्या वर्षी त्या वारल्या.

यंदाच्या हिवाळ्यात मी एकटीच धारणीच्या रस्त्याला गेले. दिसेल त्या काटेरी झुडपाशी थांबले, फुलं पाहिली, शेंगा फोडल्या. सगळ्या बाभळीच निघाल्या. निदान मला तरी तसं वाटलं, आणि चुकत असेन तर ते सांगायला आता कुणी नाही.