चार पोती दाणा

धम्मानंद वासनिकांनी फौजेत अठरा वर्षं खेचरं सांभाळली, पण निवृत्तीनंतर नागपुरात त्या विद्येला कोणी विचारत नव्हतं. खेचराच्या दोन्ही बाजूंना वजन सारखं नसलं, तर खोगीर सरकतं आणि पाठ सोलून निघते, हे इथे कोणाला सांगायचं? त्यामुळे रामदासपेठेत सहलींचा धंदा थाटलेल्या अमोलने हिमालयातल्या मोहिमेचं सामान आखायला बोलावलं, तेव्हा गडी हरखून गेला.

त्यांनी सहा खेचरांचा हिशेब मांडला. तंबू ओला झाला की दीडपट भरतो, म्हणून ओलं वजनच लिहिलं. वरच्या तीन दिवसांच्या वाटेवर गवताची काडी नाही, म्हणून इतवारीच्या बाजारातून जव आणि हरभरा घेतला, त्यात कुटार, म्हणजे भुसा, मिसळून बावीस-बावीस किलोची चार पोती शिवली.

"काका, पाहुण्यायचं सामान राहून जाईन अन् तुम्ही खेचरायची पंगत उठवून राहिले," अमोल कुरकुरला.

"ते सामान त्यायच्याच पाठीवर जाणार हाय गा!"

पहाडात रोज सकाळी धम्मानंद प्रत्येक पोतं काट्याला लटकवत. बावीस. समाधान. शिवलेलं पोतं वेळेआधी उसवायचं नाही, वजन भरलं की माल बरोबर, ही फौजेची शिस्त. काटा खोटं बोलत नाही, पण माणूस काट्याकडूनही खोटं वदवून घेतो, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

पाचव्या दिवशी, खिंडीखालच्या दगडाळ पठारावर, त्यांनी पहिली शिवण उसवली. वर कुटार. खाली पाहुण्यांसाठीच्या विलायती दारूच्या बाटल्या, वाजू नयेत म्हणून कुटारातच दाबलेल्या. चारही पोत्यांत तेच. खेचरांचा पहाडी मालक दाणा चारायचे सहा रिकामे तोबरे घेऊन उभा होता, आणि पोत्याची सळसळ ऐकून खेचरांनी माना वळवल्या होत्या.

"हे काहून केलं गा?" धम्मानंद अमोलवर ओरडले. "आताच्या आता खाली फिरू."

"तीन दिवसाची तर गोष्ट हाय, काका. जनावर राहते उपाशी. पाहुणे खिंड पाहाले आले. अन् पुढच्या मोसमात तुम्हाले यायचं हाय ना?"

तिथे अडून बसायला हवं होतं. पण पुन्हा घरी रिकामं बसायच्या धास्तीने माणूस गप्प झाला. लाज वाटली, तरी त्यांनी पोती पुन्हा शिवली.

उपासाच्या तिसऱ्या दिवशी चढावर तांबड्या खेचरीचे पुढचे पाय दुमडले. ती उठली नाही. मालकाने तिचे डोळे पुसले आणि धम्मानंदांकडे पाहिलं.

"उन शहरवालों को क्या पता," तो शांतपणे म्हणाला. "आपको तो पता था."

दिवस कलायच्या आत खिंड ओलांडायची होती. धम्मानंदांनी मेलेल्या खेचरीवरची बाटल्यांची पोती सोडवली आणि उरलेल्या पाचांवर, दोन्ही बाजूंना सारखं वजन राहील अशी, वाटून चढवली.