यादीत नसलेलं नाव

मंडळी, हे लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. या सदरातले तुमचे अनुभव वाचत होतो, पण स्वतःचा लिहायला हात धजत नव्हता. आता वय एक्क्याऐंशी... आणखी किती थांबणार?

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नरकावर मात्र होता. ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती घरातला मी. शेवटच्या दिवशी प्रभू एकेकाचा न्याय करणार, बाप्तिस्मा न घेतलेले कायमचे आगीत जाणार, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. लोकांना ते ऐकवायलाही मला आवडायचं.

मी वर्तकनगरला राहतो. आमच्या चर्चमध्ये नोव्हेंबरात मृतांसाठी संध्याकाळची मिस्सा असते. लोक आपापल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून देतात, ती मोठ्याने वाचली जातात आणि त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना होते. चिठ्ठ्यांवरून यादी करायचं आणि ती वाचायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं.

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीने, रेजिनाने, चिठ्ठी दिली – वसंत. तिचा नवरा. हिंदू. कोर्टात लग्न करून ती कल्याणला राहत होती आणि जूनमध्ये तो हार्ट अटॅकने गेला होता. मी ते नाव यादीत घेतलंच नाही.

मिस्सेआधी तिने मला आवारात गाठलं. "दादा, ह्यांचं नाव कितवं आहे रे?"

"नाही घेतलं."

"म्हणजे?"

"प्रार्थना शुद्धिस्थानात पापं फेडत थांबलेल्यांसाठी असते, रेजिना, स्वर्गाच्या वाटेवरच्यांसाठी. नरकातल्यांना तिचा उपयोग नाही."

"तीस वर्षं दर रविवारी मला चर्चला सोडत होते ते. मिस्सा संपेपर्यंत गेटबाहेर स्कूटर घेऊन उभे राहायचे."

"बाहेरच ना? मग आता कायमचा बाहेर."

आमच्या चर्चची पेटी वाजवणारी कार्मेलबाय शेजारीच होती. "अरे, जीभ आहे का कोयता?" म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

वाचायला उभा राहिलो. चाळीसेक नावं होती. तेराव्या नावानंतर मला जोराचा खोकला आला. पाणी प्यायलो, पुढचं नाव घेतलं, यादी संपवली. बस्स. मला आठवतं ते एवढंच.

मिस्सा सुटल्यावर रेजिना धावत आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. डोळे वाहत होते. "घेतलंस रे दादा... थँक्यू."

"काय घेतलं?"

"ह्यांचं नाव!"

मला वाटलं, टोमणा मारतेय. "मी नाही घेतलं."

"अरे घेतलंस की!" कार्मेलबाय म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं. तुझाच आवाज. आता लाजतोस कशाला?"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत म्हणालो, "मी घेतलं नाही. तुम्ही ऐकलं असेल, तर ते सैतानाने घेतलं असेल. आपल्या माणसाचं नाव तोच घेणार."

रेजिनाने माझे हात सोडले. "बरं," एवढंच म्हणाली आणि रिक्षा शोधायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कार्मेलबाय मोबाइल घेऊन घरी आली. परदेशातल्या मुलीसाठी तिने मिस्सा रेकॉर्ड केली होती. तेरावं नाव... माझा खोकला... आणि त्या खोकल्यावरच, त्याच क्षणी, माझ्याच आवाजात, स्वच्छ – "वसंत". मग ग्लास ठेवल्याचा आवाज. वीस वेळा तरी ऐकलं असेल. माझ्या मुलानेही ऐकलं. "पप्पा, खोकता खोकता असं बोलता येत नाही," म्हणाला.

मी फादरकडे गेलो. वाटलं होतं, ते माझी समजूत काढतील. सगळं ऐकून ते म्हणाले, "अमुक माणूस नरकात गेला, असं चर्चने आजवर एकाचंही नाव घेऊन सांगितलेलं नाही. तुम्ही कसं सांगितलंत?"

तिथून सरळ कल्याणला जायला हवं होतं. गेलो नाही. थोरला भाऊ ना मी!

दोन वर्षांनी भाचीचा फोन आला – "मामा, यायचं तर आता या." दुपारी पोहोचलो. भाचीने दार उघडलं, पण या-बसा म्हणाली नाही. रेजिना पलंगावर मुठीएवढी झाली होती. मला ओळखलं. विचारलं, "दादा... ते कुठे असतील रे?"

रागाने नाही हो. खरंच विचारत होती. दोन वर्षं तिच्या मनात तेच चाललं असणार, माझ्यामुळे. शब्द माझ्या ओठांवर होते. आणि मी विचारलं, "औषधं वेळेवर घेतेस ना?"

तिने भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या दिवशी गेली.

ते नाव कोणी घेतलं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. माझ्या न्यायाच्या दिवशी मला काय विचारतील, ते मात्र पक्कं ठाऊक आहे. त्या दुपारी मला फक्त एवढंच म्हणायचं होतं – रेजिना, ते सैतानाने नव्हतं घेतलं गं. ते मी घ्यायला हवं होतं. मला माफ कर.