शिकलगार गुरुजींचा ओढा

शिकलगार गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा नुसतं ‘हजर’ म्हणून भागत नसे. शाळेला येताना वाटेत काय दिसलं ते सांगायचं, मग हजेरी लागायची. कुणी टिटवी सांगे, कुणी मान हलवणारा सरडा. ‘काही नाही दिसलं’ म्हणणाऱ्याला गुरुजी परत दाराबाहेर पिटाळत. "मर्दा, डोळं घरी ठिवून आलास व्हय? जा, घिऊन ये."

वडूजपासून थोडं आत आमचं गाव. चहूकडं माळ, आणि गावाला वळसा घालणारा एक ओढा. शनिवारची सकाळची शाळा गुरुजी ओढ्याकाठच्या करंजांखाली भरवायचे. आम्ही फांद्यांवर बसून पाढे म्हणायचो, चिखलाची धरणं बांधायचो नि फोडायचो. पालक कुरकुरले की गुरुजी त्यांनाच आवतण द्यायचे. "पोरांची शाळा सुटती. तुमची कवा सुटायची? या की शनवारी."

माझे वडील, आप्पा, तसेच गेले. फौजेतून निवृत्त होऊन आल्यापासून ते कुणाशी बोलत नव्हते. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. आई रडकुंडीला आली होती. एका शनिवारी गुरुजी दारात उभे राहिले. "आवं आप्पा, पोरं लय झाल्यात, एकट्याच्यानं आवरत न्हाईत. जरा मदतीला या." ही शुद्ध थाप होती, गुरुजींनी नुसतं बघितलं तरी पोरं गप्प व्हायची. पण आप्पा उठले. कितीतरी शनिवार ओढ्याकाठी नुसते बसले, मग पोरांना धरणासाठी दगड देऊ लागले, आणि एके दिवशी जेवता जेवता आईला खंड्यानं मासा कसा धरला ते सांगू लागले. माझे वडील मला त्या ओढ्यानं परत दिले, असं मी आजही मानतो.

पुढं गुरुजी निवृत्त होऊन रहिमतपूरला लेकीकडं राहायला गेले. त्यांचे उपकार आप्पांना स्वस्थ बसू देईनात. त्यांनी गावातले माजी सैनिक गोळा केले आणि ओढ्याकाठी गुरुजींच्या नावानं बाग उठवली. फौजी माणसांचं काम ते, एकदम टापटीप. झुडपं साफ केली, जमीन सपाट करून पेव्हिंग ब्लॉक घातले, काठाला भिंत बांधली, करंजांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले, बाकडी मांडली. फाटकावर पाटी लावली: झाडावर चढू नये, पाण्यात उतरू नये.

फीत गुरुजींनीच कापली. सगळ्यांच्या पाठी थोपटल्या, आप्पांना मिठी मारली. चहाच्या वेळी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "लय मनापासून केलंय रं तुझ्या वडलांनी. पर गड्या, पोरांनी हितं करायचं काय?" मग कप खाली ठेवून म्हणाले, "आप्पास्नी ह्यातलं काय बोलू नगंस. पुना अंथरूण धरतील."

गुरुजी परत गावात आले नाहीत. यंदाच्या उन्हाळ्यात रहिमतपुरातच गेले. त्यांचा ओढा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला, आणि तोही त्यांच्यावरच्या मायेपोटी, याची हळहळ मनातून जात नाही.

आप्पा रोज सकाळी बाग झाडून काढतात. शाळेची पोरं फाटकावरून सरळ पुढं निघून जातात. परवा झाडू भिंतीला टेकवून ते माझ्याशेजारी बाकड्यावर येऊन बसले.

"एवढी चांगली केली आपण," आप्पा म्हणाले. "मग पोरं का येत न्हाईत रं?"